मदत हवी आहे: जलसंजीवनीत (ओआरएस) बटाटा फुगलाच नाही, मग पोटातलं पाणी अंगात जातं कसं?

शेवंती:
लेक आठवीत आहे. परासरणाचा, म्हणजे पेशीच्या पातळ पटलातून पाणी कमी मीठ-साखरेच्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे जातं त्याचा, धडा झाला म्हणून बाईंनी घरी करून बघायला सांगितलं. आम्ही कच्च्या बटाट्याच्या ५ सेंमीच्या सळ्या कापून तीन वाट्यांत टाकल्या. पहिलीत साधं पाणी, दुसरीत वाटीभर पाण्यात दोन चमचे मीठ. तिसरी वाटी लेकीच्या डोक्यातली. धाकट्याला मागच्या आठवड्यात जुलाब झाले होते, तेव्हाचं जलसंजीवनीचं पाकीट उरलं होतं. ते लिटरभर पाण्यात कालवून त्यातलं घेतलं.

तीन तासांनी साध्या पाण्यातली सळी ताठ, वाकवली तर कटकन मोडली. मिठातली इतकी लुळी की बोटाला गुंडाळता आली. इथवर ठीक, कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं तेच हे. तिसरीत मात्र काहीच नाही. ना फुगली, ना आकसली.

आता ती विचारते, "यातलं पाणी बटाट्यात जात नाही, तर बाळाच्या अंगात कसं गेलं? आणि पाणीच हवं होतं तर साधं का नाही दिलं?" मी कॉमर्सवाली. बुधवारी वही द्यायचीय. कुणी समजावेल का?

टपरीवाला_चहा:
पाकीट जुनं असेल. थोडं मीठ वाढवून बघा.

निवृत्त_मास्तर:
बटाट्याला खुशाल वाढवा, पण माणसाला देताना हे चुकूनही करू नका. ताई, तुमचा प्रयोग फसलेला नाही, उलट छान जमलाय.

जलसंजीवनीची एकूण तीव्रता २४५ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) प्रतिलिटर असते. आपल्या रक्ताची साधारण २९० आणि बटाट्याच्या पेशीतल्या रसाचीही त्याच आसपास. दोन्ही बाजू जवळपास सारख्या, म्हणून पाणी जितकं आत गेलं तितकंच बाहेर आलं. धड्यातलं समपरासारी द्रावण ते हेच. जुन्या सूत्रात हा आकडा ३११ होता, २००२ साली तो कमी केला.

आता बाळाचं. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींच्या पटलात सोडियम आणि ग्लुकोजला जोडीने आत नेणारं एक प्रथिन आहे, आणि बटाट्यापेक्षा वेगळी गोष्ट इथेच घडते. ते प्रथिन ग्लुकोजचा एक रेणू सोडियमचे दोन आयन बरोबर असतील तरच आत घेतं. पेशीच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे रक्ताच्या बाजूला, पंप बसलेले असतात. ते दर फेरीला ३ सोडियम बाहेर ढकलतात आणि २ पोटॅशियम आत ओढतात. त्याला ऊर्जा लागते, म्हणून हे सक्रिय वहन. पंप सतत सोडियम उपसतो म्हणूनच आतड्याच्या बाजूने नवं सोडियम साखरेचं बोट धरून आत येतं. मीठ-साखर पलीकडे साठली की पाणी तिच्यामागे जातं, आणि ते मात्र साधं परासरणच.

म्हणजे पाणी कुणी ढकलत नाही. मीठ ढकललं जातं, पाणी मागून येतं.

शेवंती:
सर, मग नुसतं पाणी दिलं असतं तर?

निवृत्त_मास्तर:
नुसत्या पाण्यात ना सोडियम ना ग्लुकोज, म्हणजे ते जोडीने नेणारं प्रथिन रिकामं बसणार. शिवाय जुलाबात गेलेलं मीठ भरून निघत नाही. पटकीत (कॉलऱ्यात) तर आतडं क्लोराइड बाहेर ओतत राहतं, त्यामागे पाणी जातं, आणि नुसतं मीठ आत घेण्याची वाटही मंदावते. पण मीठ-साखरेच्या जोडीची वाट शाबूत असते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून पाजायला लावलं. मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आला.

भाजणी_थालीपीठ:
आमच्याकडे जुलाब झाले की शेजारी डबाबंद ज्यूस नाहीतर कोल्ड्रिंक द्यायला सांगतात. तेही साखरच ना?

निवृत्त_मास्तर:
साखर फार, मीठ जवळजवळ नाहीच. असं दाट पाणी आतड्यात गेलं की उलट अंगातलं पाणी आतड्याकडे ओढलं जातं. तुमची दुसरी वाटी आठवा. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने नको.

आणि ताई, एक सळी उकडून साध्या पाण्यात टाकून बघा. शिजवल्यावर पटल फाटतं, मग काय आत सोडायचं ही निवडक्षमता कसली नि परासरण कसलं.

शेवंती:
आत्ताच पाहिलं. उकडलेली तीन तासांनीही मऊच, टोकं तर पाण्यात विरघळायला लागलीत. वहीत तिसऱ्या वाटीपुढचं "फरक नाही" खोडून "समपरासारी" लिहिलंय. आता ती विचारते, बटाट्याला असा पंप का नाही. मास्तर, आहात का?

निवृत्त_मास्तर:
आहे, बटाट्यालाही पंप आहे. फक्त तो सोडियमचा नाही, हायड्रोजन आयनांचा. जेवून येतो, मग लिहितो.