मदत हवी आहे: स्टेशनवरची मुलं, जुने लॅपटॉप आणि शाळा

नमस्कार मंडळी,

कल्याण स्टेशनच्या आसपास राहणाऱ्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग आम्ही काही जण चालवतो. कुणाला आईबाप नाहीत, कुणाचे असून नसल्यासारखे. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधल्या कलम 4 मुळे त्यांना वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो. पण अकरा वर्षांच्या पोराला जोडाक्षरं वाचता येत नसतील, तर पाचवीच्या बाकावर ते टिकत नाही, पुन्हा फलाटावर दिसतं. ही दरी भरायला जुने लॅपटॉप मिळालेत, 4 जीबी रॅमचे.

त्यांवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं ठरतंय. इंटरनेट नाही, म्हणून ऑफलाइन चालणारं कोलिब्री हे शिकण्याचं सॉफ्टवेअर आणि बालभारतीच्या पीडीएफ. तिसरी-चौथीच्या गणितासाठी कोलिब्रीवर मराठीत चांगलं काय आहे, कुणी वापरलंय का? अक्षरओळखच कच्ची असलेल्या मुलांना टायपिंग इनस्क्रिप्टने (कळांवर थेट मराठी अक्षरं) शिकवावं की फोनेटिकने (इंग्रजी अक्षरांतून मराठी)? माझा कल इनस्क्रिप्टकडे आहे; मराठीसाठी आधी एबीसीडी कशाला? बॅटऱ्या मात्र सगळ्या मेल्यात, स्वस्तात कुठे मिळतील?

कर्जतजवळच्या खैराटमध्ये 2007 साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा, म्हणजे प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला होता, पण तिथे शाळा होती, गुरुजी होते. आमच्याकडे आज आलेला उद्या येईलच असं नाही. अशा ये-जा करणाऱ्या मुलांची प्रगती कशी नोंदवता?

आणि शिक्षक मंडळींना एक विचारायचंय: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 सांगतं. तरी शाळा दाखल्यावर अडून बसली, तर आधी केंद्रप्रमुखांकडे जावं की थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे?