मदत हवी आहे : 'रुबी', 'तोपाझ', 'एमरोद' म्हणजे नेमके कोणते? (फ्रेंच रत्ननामांची यंत्रे)

सर्वांना नमस्कार.

माझ्या मामांनी चाळीसेक वर्षे जमवलेला परदेशी तिकिटांचा आणि शिक्के मारलेल्या पाकिटांचा संग्रह त्यांच्या पश्चात माझ्याकडे आला आहे. त्यातली 'फ्रान्स – रत्ने' असे पाठीवर लिहिलेली एक वही मी येत्या हिवाळ्यात एका छोट्या प्रदर्शनात मांडणार आहे. वहीचे नाव 'रत्ने' असले तरी आत खड्याचे वा दागिन्याचे एकही चित्र नाही. आहेत ती रॉकेटची तिकिटे, पाणबुड्यांच्या शिक्क्यांची पाकिटे, काही कात्रणे आणि एका लाकडी विमानाचे चित्रपत्र. प्रत्येक वस्तूखाली मामांनी पेन्सिलीने फक्त नाव आणि वर्ष लिहिले आहे : 'रुबी, १९४१', 'तोपाझ, १९६४', 'साफीर, १९६५'. बाकीचे सारे त्यांच्या डोक्यात होते आणि ते विचारून घ्यायचे माझ्याकडून राहून गेले.

अडचण अशी की फ्रान्सने ही मोजकी नावे पाणबुड्या, रॉकेटे, विमाने आणि अणुचाचण्या या सर्वांना इतक्या सढळ हाताने वाटली आहेत की नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही. आतापर्यंत मी जे लावले आहे ते लिहितो. चुकले असल्यास कृपया दुरुस्त करावे.

रॉकेटांची बाजू त्यातल्या त्यात सोपी वाटली, कारण ती सगळी एकाच मालिकेतली आहेत आणि त्या मालिकेलाच 'मौल्यवान रत्ने' म्हणतात. आगात (अकीक), तोपाझ (पुष्कराज), एमरोद (पाचू), रुबी (माणिक), साफीर (नीलम) आणि शेवटी दियामाँ, म्हणजे हिरा. हिरा वगळता प्रत्येकाला तीन आकडी क्रमांक आहे आणि तो वाचायला शिकलो तेव्हा मला खरी मौज वाटली : पहिला आकडा टप्प्यांची संख्या सांगतो, दुसरा इंधनाचा प्रकार आणि तिसरा रॉकेटला दिशा देणारी यंत्रणा आहे की नाही ते. आगात ११०, म्हणजे एक टप्पा, घन इंधन, दिशायंत्रणा नाही. एमरोद १२१, म्हणजे एक टप्पा, द्रव इंधन, दिशायंत्रणा आहे. साफीर २३१, म्हणजे दोन टप्पे, द्रव आणि घन दोन्ही इंधने, दिशायंत्रणेसह. याहून सुरेख गोष्ट अशी की ही रत्ने खरोखर एकमेकांवर रचलेली आहेत. पाचूवर पुष्कराज ठेवला की नीलम होतो, आणि माणकात तपासून घेतलेला वरचा टप्पा त्यावर चढवला की हिरा. एमरोदच्या टाक्यांत नायट्रिक आम्ल आणि टर्पेंटाइन असे. आपल्याकडे रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनवर उपग्रहाचा पहिला टप्पा उडाला, हे वाचून मी ते वाक्य दोनदा तपासले.

त्या हिऱ्याने २६ नोव्हेंबर १९६५ रोजी अल्जीरियाच्या वाळवंटातील हम्मागीर तळावरून 'आस्तेरिक्स' हा सुमारे ४० किलो वजनाचा उपग्रह कक्षेत नेला आणि सोव्हिएत संघ व अमेरिका यांच्यानंतर स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणारा फ्रान्स हा तिसरा देश ठरला. मामांच्या वहीत त्याच वर्षीची जोडतिकिटे आहेत : एकावर उड्डाण घेणारे दियामाँ, दुसऱ्यावर उपग्रह, मध्ये किंमत नसलेली पट्टी. तिन्ही तुकडे अजून एकमेकांना जोडलेले आहेत आणि छिद्रांच्या रेषेवर एकदाही घडी पडलेली नाही. या पानाबद्दल मला काहीही विचारायचे नाही. पण हे पान सांगितल्याशिवाय पुढे जाववेना.

खरा घोळ पुढे आहे. त्याच वर्षांत, त्याच अल्जीरियात, पण हम्मागीरपासून फार दूर आग्नेयेला होगार पर्वतात, इन एकर येथे डोंगराच्या पोटात बोगदे खणून फ्रान्सने १९६१ ते १९६६ या काळात तेरा अणुचाचण्या केल्या आणि त्या प्रत्येकीला खड्याचे किंवा खनिजाचे नाव दिले. आगात, बेरिल, एमरोद, आमेतिस्त, रुबी, ओपाल, तोपाझ, तुर्क्वाझ, साफीर, जाद, कोरांदों, तुर्मालीन आणि ग्रना. त्याआधी रेगान येथे जमिनीवर केलेल्या चार चाचण्यांना मात्र 'जर्बोआ' या वाळवंटी उंदराचे नाव आणि त्यापुढे एकेक रंग जोडलेला होता. म्हणजे 'एमरोद, १९६३' असे लिहिलेले असेल तर ती चाचणीच असणार, कारण रॉकेट एमरोद १९६४ मध्ये पहिल्यांदा उडाले. परंतु 'साफीर, १९६५' हे दोन्हीही असू शकते, कारण चाचणी फेब्रुवारीत झाली आणि रॉकेटचे पहिले उड्डाण जुलैत.

माझ्याकडील 'तोपाझ, १९६४' हे अर्धे फाटलेले कात्रण आहे. तारीख गेली आहे, चित्र नाही, आणि ठळकपणे वाचता येतात ते 'तोपाझ' आणि 'सहारा' हे दोनच शब्द. चाचणी १५ जून १९६४ ची आणि रॉकेटची उड्डाणे १९६२ ते १९६५ मधली. याचा उलगडा कसा करावा, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न मराठीचा आहे. चिठ्ठ्यांवर फ्रेंच नावे देवनागरीत ठेवावीत की 'माणिक', 'पाचू' असे लिहावे? मामी म्हणतात की लोकांना 'पाचू' कळेल, 'एमरोद' कळणार नाही. पण 'पाचू पाणबुडीत दहा जणांचा मृत्यू' असे वाक्य लिहिताना माझाच हात अडखळला. (३० मार्च १९९४ रोजी एमरोद या अणुपाणबुडीच्या टर्बाइनच्या भागात वाफेचा स्फोट झाला, मृतांत तिचे कप्तानही होते.)

आणि तिसरा : अणुचाचण्यांची कात्रणे तिकिटांच्या शेजारी लावावीत का?

जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद – दर्यावर्दी

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, परंतु पाणबुड्यांबद्दल लिहितो, कारण तिथेही तीच नावे तीन-तीन पिढ्या फिरली आहेत आणि शिक्क्यावरील वर्ष पाहिल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये.

पहिल्या महायुद्धाच्या आधीची एमरोद वर्गातील सहा जहाजे, दोन महायुद्धांमधल्या काळातल्या साफीर वर्गातील सहा सुरुंगपेऱ्या पाणबुड्या आणि १९८३ पासून नौदलात आलेल्या रुबी वर्गातील सहा अणुपाणबुड्या, अशा या तीन पिढ्या आहेत. पहिल्या पिढीतील तुर्क्वाझची कथा प्रदर्शनात अवश्य सांगावी. तुर्क्वाझ म्हणजे मुळात 'तुर्की' खडा. ही पाणबुडी ३० ऑक्टोबर १९१५ रोजी मार्मारा समुद्रात तुर्कांच्याच हाती लागली, त्यांनी तिला आपल्या तोफचालक कॉर्पोरल मुस्तेजिपचे नाव दिले, आणि तिच्यावर सापडलेल्या कागदांवरून ठरलेल्या भेटीच्या ठिकाणी ब्रिटिशांची ई-२० ही पाणबुडी टिपली गेली.

आपली 'रुबी, १९४१' ही दुसऱ्या पिढीतली. फ्रान्स पडला तेव्हा ती ब्रिटिशांबरोबर होती; पुढे तिने स्कॉटलंडमधील डंडीहून मुक्त फ्रान्सच्या बाजूने सुरुंग पेरले, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये एरवी माणसांना दिला जाणारा 'मुक्तीचा साथी' हा सन्मान या जहाजाला मिळाला. त्या वर्षाला मामांनी पेन्सिल उगाच टेकवलेली नाही. १९५८ मध्ये तिला फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ 'सोनार' या ध्वनिलहरींनी पाण्याखालचे शोधणाऱ्या यंत्रणेच्या सरावासाठी मुद्दाम बुडवले, आणि पाणबुडे आजही तिथे उतरतात. तिच्याच वर्गातील पेर्ल मात्र जुलै १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांच्या विमानांनी शत्रूची समजून बुडवली.

अणुपाणबुड्यांपैकी पहिलीचे नाव आधी 'प्रोव्हाँस' ठरले होते. ते बदलून रुबी केले गेले. मालिका निर्भेळ रत्नांची नाही, कारण तिसरी काझाबियांका आहे. पाचवी आमेतिस्त हे नाव तर दुहेरी आहे : सुधारणा, डावपेच, जलगतिकी, शांतता, संदेशवहन आणि श्रवण या अर्थांच्या फ्रेंच शब्दांतली अक्षरे घेऊनही हेच नाव बनते. आधीच्या पाणबुड्या पाण्याखाली आवाज फार करत, तो कमी करण्याचा तो कार्यक्रम होता. सहावी पेर्ल १२ जून २०२० रोजी तुलोँच्या कोरड्या गोदीत पेटली आणि तिचा पुढचा भाग वाया गेला. तेव्हा आदल्या वर्षी निवृत्त झालेल्या साफीरचा पुढचा भाग कापून शेरबुर येथे तिला जोडला. मोत्याच्या धडाला नीलमाचे तोंड! तिचे पाकीट कोणत्या पानावर लावाल, ते आपणच ठरवावे.

प्रतिसाद – झवेरबाजारकर

माझा धंदा खड्यांचा असल्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. नावांचे भाषांतर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि कारण भावनेचे नसून बाजाराचे आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक 'पुष्कराज' मागते तेव्हा त्याला बहुधा पिवळा नीलम हवा असतो, आणि तो तोपाझ नव्हे, वेगळेच खनिज आहे. 'गोमेद' तर काही कोशांत अकीकाला दिलेला आढळेल, पण पेढीवर गोमेद म्हणजे ग्रना (गार्नेट) गटातला खडा. म्हणजे आपल्या यादीतील पहिली चाचणी आणि शेवटची चाचणी या दोघींना एकच मराठी नाव पडायचे. बेरिलला 'वैडूर्य' म्हणावे तर आमच्याकडे वैडूर्य म्हणजे लसण्या. शिवाय पेर्ल, म्हणजे मोती, हा मुळात खडाच नव्हे, तो शिंपल्यातला.

एक गोष्ट मात्र चिठ्ठीवर जरूर लिहा. 'कोरांदों' हे आपलेच कुरुंद आहे, ज्याच्या दगडावर धार लावतात. हा शब्द भारतातूनच युरोपात गेला. बेरिलचे मूळही वैडूर्याच्या प्राकृत रूपाकडे जाते, आणि एमरोद व मरकत हे एकाच घराण्यातले आहेत. माणिक आणि नीलम दोन्ही जातीने कुरुंदच, आणि पाचू जातीने बेरिल. फ्रेंचांनी एकाच घरातल्या खड्यांना वेगवेगळ्या चाचण्यांवर पाठवले, असे म्हणता येईल.

प्रतिसाद – वाचक एक

तिसऱ्या प्रश्नाबाबत : शेजारी लावू नयेत, पण गाळूही नयेत. १ मे १९६२ च्या बेरिल चाचणीत डोंगराचे तोंड बंद राहिले नाही आणि किरणोत्सारी ढग बाहेर आला. संरक्षणमंत्री मेस्मेर आणि संशोधनमंत्री पालेव्स्की तिथे हजर होते, तसेच सैनिकही होते. या पानाला स्वतंत्र चौकट आणि साधा काळा मजकूर द्यावा. तिथे खड्यांच्या व्युत्पत्तीची मौज नको.

कात्रणाबद्दल एक सुचवतो. मोठे शब्द सोडा आणि फाटलेल्या कडेवरचे अर्धे शब्द भिंगाने वाचून पाहा. फ्रेंचमध्ये रॉकेटच्या टप्प्याला 'एताझ' म्हणतात आणि घन इंधनाला 'पूद्र', म्हणजे बंदुकीची दारू. यांपैकी काही सापडते का?

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार.

काल रात्री भिंग घेऊन बसलो. कडेला चौथ्या ओळीच्या शेवटी 'ताझ' एवढीच अक्षरे उरली आहेत. त्यांवर विसंबण्यात अर्थ नाही, कारण तसा शेवट असलेले फ्रेंच शब्द पुष्कळ आहेत. मात्र त्याखालच्या दुसऱ्या ओळीत 'पूद्र' हा शब्द पूर्ण आहे, आणि त्याच्याआधी 'आ' हे अव्यय, म्हणजे 'दारूवर चालणारे'. तोपाझ १११ : एक टप्पा, घन इंधन. कात्रण रॉकेटचेच आहे.

नावे फ्रेंच ठेवतो आहे आणि खाली लहान अक्षरांत खड्याचे मराठी नाव देतो आहे. मामींना ही तडजोड मान्य आहे. पुष्कराजापुढे झवेरबाजारकरांची सूचना जोडली आहे. बेरिलचे पान वेगळ्या चौकटीत गेले.

लाकडी विमानाचे चित्रपत्र तेवढे राहिले. मागे 'एमरोद' आणि 'पियेल' असे छापले आहे, म्हणजे क्लोद पियेल यांचे, १९५४ मध्ये प्रथम उडालेले, लंबवर्तुळाकार पंखांचे दोन आसनी विमान, हे मला कळले. पण हौशी लोकांनी घरी बांधलेल्या आणि कारखान्यातून आलेल्या एमरोद विमानांत बाहेरून काही फरक दिसतो का, हे कोणी सांगू शकेल का? चित्रातल्या विमानाची काचेची छत्री मागे सरकणारी दिसते आणि शेपटीवरची अक्षरे शिक्क्याखाली गेली आहेत.