कार्टिंग: सीलबंद इंजिन आणि पालकांचा खर्च

प्रश्न: माझी मुलगी कोल्हापूरच्या ट्रॅकवर कार्ट (शर्यतीची छोटी उघडी गाडी) चालवण्याचा सराव करते आणि आता स्पर्धेत उतरू इच्छिते. रोटॅक्स मॅक्स या कार्ट-शर्यतींचे इंजिन सीलबंद असल्याने आतली दुरुस्ती अधिकृत केंद्रातच करावी लागते. ही सक्ती आम्ही का सोसावी?

उत्तर १: ताई, ही सक्ती मला योग्य वाटते. या १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचे पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्याची छिद्रे) एकाने घासून वेग वाढवला, की मागे पडू नये म्हणून इतरांनाही तोच खर्च करावा लागतो. सील आणि त्याच्या क्रमांकाची नोंद असलेले लॉगबुक ही चढाओढ सुरुवातीलाच थांबवतात. जुने इंजिन घेताना मात्र हे लॉगबुक अवश्य तपासा.

उत्तर २: अमेरिकेतील क्लबांनी याहून स्वस्त वाट धरली आहे. तेथील ब्रिग्ज २०६ हे २०४ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन कारखान्यातूनच सीलबंद येते, मिनिटाला ६,१०० फेऱ्यांवर अडवले जाते आणि लहान मुलांसाठी कार्ब्युरेटरची स्लाइड (इंजिनात जाणाऱ्या हवेची वाट किती उघडेल हे ठरवणारा भाग) बदलून त्याची शक्ती कमी करता येते, त्यामुळे मूल मोठे झाले तरी नवे इंजिन घ्यावे लागत नाही.

प्रश्नकर्ती: लॉगबुकाचे ठाऊक नव्हते. उद्याच विक्रेत्याकडे मागते.