पुरात भिजलेल्या डेथ मेटल सीडी : बुकलेटसकट परत कशा जमवू?

नमस्कार मंडळी,

माझ्या थोरल्या भावाच्या सीडींसाठी मदत हवी आहे. डेथ मेटल (गुरगुरत्या आवाजातलं जड रॉक संगीत) ऐकणारं, सीडी जमवणारं कुणी इथं असेल तर कृपया सविस्तर सांगा. मी स्वतः जमवणारी नाही, पण याच आवाजात लहानाची मोठी झाले आहे.

आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जवळ. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तळमजल्यावर कमरेच्या वर पाणी होतं. आजूबाजूला लोकांच्या गणपतीच्या मूर्ती विरघळत होत्या, वर्षभराचं पोट पाण्यात गेलं होतं. तिथं ट्रंकेतल्या सीडींचं दुःख कुणापुढं काढायचं? दादानं ते काढलंच नाही.

ट्रंकेत एकतीस सीडी होत्या. दादा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे. ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकायचा, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचा आणि काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून एखाददुसरी सीडी घेऊन त्याच रात्रीच्या गाडीनं परत यायचा. (ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा दोन दिवस धड जेवला नव्हता.) बाकीच्या पुण्या-बेंगळुरूच्या मित्रांशी अदलाबदल करून आलेल्या. मॉर्बिड एंजलचा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ (१९८९), एन्टूम्डचा ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०), ऑबिच्युअरीचा ‘कॉज ऑफ डेथ’ (१९९०), डेथचा ‘ह्यूमन’, कार्कसचा ‘नेक्रोटिसिझम’ आणि डिसमेंबरचा पहिला अल्बम, हे तिन्ही १९९१ चे. या सहा त्याच्या जिवाच्या.

पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत निव्वळ गाळ. आम्ही दोघांनी परातीत कोमट पाण्याला साबणाचा फेस काढून एकेक सीडी धुतली, मधून कडेकडे पुसली. त्या वाजतात. गेला तो कागद. बुकलेटचा, म्हणजे केसमधल्या छापील पुस्तिकेचा, कागद गुळगुळीत, लेप दिलेला असतो. भिजून वाळला की पानं एकमेकांना अशी धरतात की सगळ्याची वीट होते. ‘ऑल्टर्स’चं बुकलेट मी चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरून सोडवायला गेले. कव्हरवरच्या डॅन सीग्रेव्हच्या चित्रातले ते एकात एक गुंतलेले चेहरे सालपटासारखे माझ्या नखाला चिकटून आले. दादा म्हणाला, राहू दे. ट्रंक माळ्यावर गेली ती गेलीच. त्यानंतर त्यानं यातलं काही लावलेलं मी ऐकलेलं नाही.

गाणी तर आता फोनवरही मिळतात, मग कागदाचं एवढं काय, असं कुणी विचारेल. आमच्याकडं ऐकणं म्हणजे बुकलेट हातात घेऊनच ऐकणं होतं. गायक काय म्हणतो ते नुसत्या कानाला कळत नाही. दादा टेबलावर बुकलेट उलगडायचा, बोट ओळीवरून फिरवायचा आणि मी मागून वाचायचे. कार्कसच्या बोलांत वैद्यकातले शब्द खच्चून भरलेले, ते मी डिक्शनरीत काढत बसायचे. आज मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि त्यातले कितीतरी शब्द मला कॉलेजच्या आधीच ठाऊक होते. सीग्रेव्हचं नाव, टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओचं, स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओचं नाव, सगळं त्या बारीक अक्षरांतून कळलं.

भाऊबीजेला अडीच महिने आहेत. तोवर निदान त्या सहा तरी पहिल्यासारख्या करून त्याच्यापुढं ठेवायच्या आहेत. महिन्याला दोन हजार बाजूला काढू शकते.

एकदा फसले आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘ओरिजिनल’ म्हणून ‘कॉज ऑफ डेथ’ मागवली, चौदाशे रुपये दिले. आली ती खालून जांभळट दिसणारी, घरच्या कॉम्प्युटरवर भरलेली सीडी. कव्हर प्रिंटरवर काढलेलं, आतलं पान कोरं. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून बटण दाबायला हात धजत नाही.

कोल्हापुरात किंवा आसपास अशा सीडी अजून कुठं मिळतात का? नव्या आवृत्त्या घेऊ की जुन्याच शोधू? नव्या बुकलेटात बोल असतात का? खरी-खोटी घेण्याआधी कशी ओळखायची? आणि परदेशातून मागवलं तर कस्टमचं काय?

राजारामपुरीकर :
ताई, कोल्हापुरात शोधण्यात दिवस घालवू नका. राजारामपुरीत, महाद्वार रोडला मी कॅसेटी घेत होतो ती दुकानं आता मोबाइलची कव्हरं विकतात. भंगारात हिंदी गाण्यांच्या सीडी पोत्यानं मिळतील, ह्या नाही. रिकाम्या प्लॅस्टिक केस मात्र तिथूनच उचला, स्वस्तात पडतील. मुंबईचं ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी हे लेबल जगभरच्या नव्या डेथ मेटल बँडच्या सीडी काढतं. तुमचे सहा तिथं नाहीत, पण दादा परत ऐकायला लागला की हे नाव लागेल.

टेपडेक :
ताई, तुमच्या सीडी वाजतात ही फार मोठी गोष्ट आहे. तुम्हाला सीडी नकोच आहे, कागद हवा आहे. डिस्कॉग्स या सीडी-रेकॉर्डच्या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर जुन्या सीडीला दोन वेगळ्या श्रेणी देतात, एक चकतीची आणि एक कव्हर-बुकलेटची. सगळे चकती चांगली बघून घेतात. तुम्ही उलटं करा : चकती ओरखडलेली, पण बुकलेट नव्यासारखं, असा माल शोधा. तो स्वस्त पडतो, कारण कुणाला नको असतो. बुकलेट आणि मागचा कागद काढून घ्या आणि आत दादाचीच चकती घाला.

त्यासाठी आवृत्ती जुळली पाहिजे. केसच्या कण्यावरचा क्रमांक बघा : इअरएक लेबलचा ‘ऑल्टर्स’ मॉश ११, ‘लेफ्ट हँड पाथ’ मॉश २१. कण्याचा कागद गेला असला तरी चकतीवर छापलेला असतो. मग चकती उलटी करून मधल्या भोकाभोवतीच्या चकचकीत पट्ट्यातली बारीक अक्षरं टॉर्च लावून वाचा आणि विक्रेत्याकडून त्याच पट्ट्याचा फोटो मागा. फोटो देत नसेल तर सोडून द्या. तिथं आयएफपीआय (IFPI, संगीत कंपन्यांची जागतिक संघटना) ही अक्षरं आणि कोड असेल, तर ती चकती १९९० ची पहिली छपाई नाही, कारण हे कोड १९९४ पासून आले. जांभळट-हिरवट दिसली की घरची. कारखान्यात दाबलेली चंदेरी असते.

नव्या आवृत्त्यांबद्दल : सरसकट वाईट नाहीत. इअरएकनं काही जुने अल्बम ‘फुल डायनॅमिक रेंज’ म्हणून पुन्हा काढले, त्यात आवाज दाबून मोठा केलेला नाही. पण ‘ह्यूमन’ जपून घ्या. रिलॅप्स लेबलनं २०११ मध्ये काढलेला नुसता रीमास्टर (तयार गाण्याचाच आवाज नीट केलेला) नाही, जिम मॉरिसनं पूर्ण नव्यानं मिक्स केलेला, म्हणजे गायन-वाद्यांचे आवाज परत जुळवलेला आहे. चांगला आहे, पण ज्याला जुना पाठ आहे त्याला पहिल्या मिनिटात फरक कळेल. आणि ‘लेफ्ट हँड पाथ’ची गाणी मोजून घ्या. सीडीवर ‘कार्नल लेफ्टओव्हर्स’ आणि ‘प्रिमॅच्युअर ऑटॉप्सी’ ही दोन जादा होती, एलपीवर (मोठ्या तबकडीवर) नव्हती.

एक काम आजच करा. चकत्यांच्या कडा ट्यूबलाइटखाली बघा. इंग्लंडमधल्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमारास दाबलेल्या चकत्यांचा लाखेचा थर बुकलेटच्या कागदातल्या गंधकापुढं टिकत नाही आणि आतला धातू खराब होतो. कडेकडून तांबूस रंग चढत आत येतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून आधी शेवटची गाणी खरखरतात. ‘ऑल्टर्स’ जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे आणि चकतीत चौऱ्याहत्तर मावतात, त्यामुळं कडेला नुसतं प्लॅस्टिक आणि धातूचा थर असतो. रंग चढला तरी अजून गाण्यापर्यंत पोचला नसेल. पोचायच्या आत एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या कॉम्प्युटरच्या प्रोग्रामनं फ्लॅक फाइल (आवाज जराही न घटवता केलेली प्रत) काढून ठेवा.

मिरजवाला :
परदेशातून मागवायचं तर एकाच विक्रेत्याकडून तीन-चार एकदम घ्या, टपालखर्च वाटला जातो. केस काढून नुसती चकती-बुकलेट पाठवायला सांगा, वजन निम्म्यावर येतं आणि केस फुटायची भीती नाही. कस्टम लागलं तर पोस्टमन पावती दाखवून पैसे घेतो आणि पार्सल देतो, घाबरायचं कारण नाही. भाऊबीजेसाठी मात्र या आठवड्यातच ऑर्डर द्या.

धागाकर्ती :
तिघांचेही मनापासून आभार. टेपडेकदादा, चकती नको, कागद हवा, हे इतकी वर्षं मला सुचलं नाही.

काल रात्री दादा सेकंड शिफ्टला गेल्यावर ट्रंक खाली काढली. सहाच्या सहा ट्यूबलाइटखाली धरल्या. पाच स्वच्छ चंदेरी आहेत. एकीच्या कडेला चहाच्या डागासारखी बारीक तांबूस रेघ आहे. तिची फाइल काढली, शेवटचं गाणं हेडफोन लावून पुरतं ऐकलं, खरखर नाही. मॉश ११ आणि मॉश २१ दोन्ही जुळले, आयएफपीआय कुठंच नाही. आज दुपारी एकाच विक्रेत्याकडून तीन मागवल्या. त्यातल्या ‘ऑल्टर्स’च्या चकतीवर एवढा मोठा ओरखडा आहे की विक्रेता स्वतःच ती वाजणार नाही म्हणतो, पण बुकलेटची सगळी पानं फोटो काढून पाठवलीत.

आता शेवटचं विचारते. ‘लेफ्ट हँड पाथ’च्या जुन्या बुकलेटची वीट मी टाकलेली नाही. तिच्या मागच्या बाजूला दादाच्या अक्षरात पेन्सिलीनं घेतल्याची तारीख आहे, ती अजून वाचता येते. नव्या बुकलेटसोबत तीही त्याच केसमध्ये ठेवायची आहे. जाडी साधारण साडेचार मिलिमीटर भरते, साध्या केसमध्ये झाकण लागत नाही. पूर्वी दोन सीडींच्या अल्बमला जाड केस यायची, तशी रिकामी कुणाकडं पडून आहे का? शाहूपुरीहून कुठंही येऊन घेऊन जाईन.