प्रतिसाद: लघवीचा प्रश्न एकांतात विचारा
कंबरदुखीत धोक्याची लक्षणं (जसं लघवी अडकणं, बधिरपणा) नसतील तर लगेच एमआरआय नको, असं मूळ लेखात म्हटलंय, ते पटतं. पण ती लक्षणं विचारायची कशी? माझ्याकडे कंबरदुखीच्या उपचारासाठी आलेल्या एका काकूंनी मुलासमोर "लघवीचा काही त्रास नाही" असंच सांगितलं. दोन्ही पायांत मुंग्या होत्या, म्हणून मला चैन पडेना. मुलाला बाहेर बसवलं, का विचारतेय ते समजावलं, "विचारू ना?" म्हणून त्यांचा होकार घेतला आणि मग विचारलं, धुताना तिथली जागा बधिर लागते का? तेव्हा कळलं, दोन दिवसांपासून बधिर होती, लघवीही अडकत होती.

हे कॉडा इक्विना सिंड्रोम असू शकतं. मणक्याच्या खालच्या नसांच्या जुडग्यावर दाब, त्यात उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. शेक, ट्रॅक्शन (कंबरेला ताण देण्याचा उपचार) काहीही न देता त्यांना तडक रुग्णालयात पाठवलं.