तात्पुरत्या शिक्षकांनी आधी काय मागायचं, मानधनवाढ की आरोग्यविमा?

खाडीपलीकडचा
आमच्या तालुक्यातल्या तात्पुरत्या शिक्षकांचं निवेदन तयार होतंय. रजेच्या जागेवर आलेले, तासिका तत्त्वावरचे, एकही कायम शिक्षक नसलेल्या शून्यशिक्षकी शाळेत मानधनावर नेमलेले, असे सगळे त्यात आहेत. पहिली मागणी मानधनवाढीची, दुसरी थकलेल्या मानधनाची. आरोग्यविमा शेवटी, ‘इतर मागण्या’ या मथळ्याखाली. माझ्या मते तो सगळ्यात वर हवा.

मानधन हजार-दोन हजारांनी वाढलं तर ते एसटी आणि किराण्यातच जाईल. पण पावसात वाडीवरच्या शाळेची घाटी उतरताना पाय मोडला, तर वर्षभराची कमाई एका फटक्यात संपते. कायम शिक्षकाला वैद्यकीय रजा असते, शिवाय वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्तीही असते. उशिरा का होईना, पैसे मिळतात. त्याच वर्गात, त्याच खुर्चीवर बसलेल्या बदलीच्या माणसाला दोन्ही नाही. गैरहजर राहिला की मानधन कापलं. सप्टेंबर 2024 च्या शासन निर्णयात वीस किंवा कमी पटाच्या शाळेत कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरलं होतं. मानधन महिना 15,000 आणि वर्षाला 12 रजा. पुढे तो निर्णय मागे घेतला. रजांचा आकडा निदान लिहिला तरी होता, आजारपणाचा खर्च कुणी करायचा याचं काय?

शिडाची होडी
महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे ना? पूर्वी ती पिवळ्या-केशरी रेशनकार्डांपुरती होती, दीड लाखाची. आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे आणि मर्यादा वर्षाला 5 लाख. आणखी कसला विमा पाहिजे? शासनाकडे एकच गोष्ट दोनदा मागितली की पहिलीही नीट मिळत नाही, हा अनुभव आहे.

दोडामार्गची बाई
योजना चांगली आहे, माझ्या सासऱ्यांचे उपचार त्यातूनच झाले. पण ती चालते योजनेशी जोडलेल्या (अंगीकृत) रुग्णालयात आणि ठरलेल्या यादीतल्या उपचारांना, तेही दाखल झाल्यावर. आमच्याकडे 2016 पासून माकडतापाची भीती आहे, पावसाळ्यात लेप्टो असतो. ताप आला की रक्त तपासा, खाजगी डॉक्टर गाठा, आठवडाभर घरी पडून राहा. यातलं काहीच दाखल होण्याच्या व्याख्येत बसत नाही आणि त्या आठवड्याचं मानधनही जातं. जास्त झालं की आम्ही गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पळतो. जानेवारी 2018 पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा किती घरांची धांदल उडाली ते बघितलंय.

शिडाची होडी
लेप्टोसाठी सरकारी दवाखाना फुकट आहे. सिंधुदुर्गात जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, आता वैद्यकीय महाविद्यालयही आहे. खाजगीत जायचं हा तुमचा निर्णय.

दोडामार्गची बाई
ओरोसला जायला सकाळची पहिली गाडी चुकली की पुढची कधी, ते एकदा विचारून बघा. आणि बुडालेल्या आठवड्याचं बोला ना, ते का टाळताय?

कणकवलीकर अण्णा
खाडीपलीकडच्या भावा, तुझा हेतू बरा आहे पण मागणी चुकीची आहे. विमा मिळाला की वरचे म्हणणार, ‘बघा, तात्पुरत्यांचं आम्ही सगळं बघतो’, आणि जागा वर्षानुवर्षं तात्पुरत्याच राहणार. मी डी.एड. करून किती वर्षं झाली ते सांगत नाही, लाज वाटते. आंतरजिल्हा बदल्यांनी आमच्या शाळा रिकाम्या होतात. बाहेरचे येतात, नोकरी पक्की झाली की आपल्या जिल्ह्यात परततात. मग पोकळी भरायला आम्ही स्थानिक. आमची मागणी एकच, स्थानिकांमधून कायम भरती. कायम झालो की विमा, रजा, प्रतिपूर्ती सगळं मागून येतं. आधी विमा मागणं म्हणजे आंबा सोडून करंडी मागणं.

खाडीपलीकडचा
अण्णा, भरती यायला पाच वर्षं लागली तर त्या पाच वर्षांत आजारी पडायचं नाही का? तुमची मागणी मला नकोशी नाही. पण ती पुरी होईपर्यंत माणूस उघडा राहू नये, एवढंच माझं म्हणणं. आणि विमा दिला म्हणून कायम होणं अडेल हे पटत नाही. विमा नसतानाही इतकी वर्षं अडलेलंच आहे.

निवृत्त गुरुजी
मी निवृत्त आहे. जुलै 2023 च्या निर्णयानंतर निवृत्तांना 20,000 वर घेतलं, तेव्हा मीही काही काळ जिल्हा परिषद शाळेत होतो. आम्हाला पेन्शन आहे, म्हणून मानधन वरकमाई वाटतं. त्याच वेळी नव्या शिक्षणसेवकाला, म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर असलेल्या शिक्षकाला, प्राथमिकला 16,000 मिळत होते, हे मात्र खटकत होतं. बाकी, वीस रुपयांत सुरक्षा विमा आहेच. प्रधानमंत्री योजनेत वर्षाला 20 रुपये भरा, अपघाती मृत्यूला 2 लाख. सगळ्यांनी काढा आणि पुढे चला.

खाडीपलीकडचा
गुरुजी, ते जरूर काढावं. पण ते पैसे मेल्यावर किंवा कायमचं अपंगत्व आलं तर मिळतात. प्लास्टर, ऑपरेशन, चार दिवस दवाखाना, यातलं काही त्यात नाही.

हिशोबनीस
मी लेखापाल आहे, माझ्याकडून आकडे घ्या. कारखान्यातल्या कामगाराला राज्य कामगार विमा आहे. पगार 21,000 पर्यंत, कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के. 15,000 मानधनाला लावून बघा. शिक्षकाचे 112 रुपये 50 पैसे, नेमणाऱ्याचे 487 रुपये 50 पैसे. दोन्ही मिळून महिना 600. त्यात बाह्यरुग्ण उपचार येतात, आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या 70 टक्के मिळतात, कामावर जाता-येतानाचा अपघातही धरला जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेला ही योजना जशीच्या तशी लागू करा असं मी म्हणत नाही. पण ‘पैसे कुठून आणायचे’ म्हणणाऱ्यांनी आकडा आधी बघावा.

वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला, गट पॉलिसीवर मात्र तो राहिला. संघटनेने गट विमा काढायचा विचार केला तर हे हिशोबात धरा.

माडावरचो
पैसे कोण देतलो ता सांगा आधी. शाळेच्या पत्र्यार माड पडलो तेचे पैसे अजून येवक नाय, आणि तुमका विमो!

संस्था सदस्य
खाजगी शाळेच्या बाजूने बोलतो. रजेच्या जागेची मान्यता यायला वेळ लागतो, तोवर मानधन संस्था स्वतःच्या पदरचं देते. कुठून देणार? कोकणातल्या संस्था मुंबईकर चाकरमान्यांच्या देणग्यांवर उभ्या आहेत. विमा शाळेवर टाकलात तर संस्था बदलीचा माणूस नेमणारच नाहीत. दोन वर्ग एकत्र बसवतील. नुकसान मुलांचं.

दोडामार्गची बाई
सदस्य, एक सांगा. शाळेतल्या कायम बाई बाळंतपणाच्या 180 दिवसांच्या रजेवर गेल्या, म्हणून मी त्यांच्या जागी आले. तिथे शिकवताना मलाच दिवस गेले. त्यांना भर पगारी रजा, मला ‘उद्यापासून येऊ नका’. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कविता यादव प्रकरणात सांगितलं की कंत्राट संपलं तरी मातृत्व लाभ संपत नाही. मागचे 12 महिने धरून 80 दिवस काम झालं तर 26 आठवड्यांचा हक्क. पण 80 दिवस झाले हे दाखवायला कागद लागतो, आणि माझ्याकडे नेमणुकीचं पत्रच नाही. हजेरीपटावर सही आहे, तो शाळेच्या कपाटात.

संस्था सदस्य
पत्र द्यायला हवं होतं, यात वाद नाही. पण पत्र देणं आणि विमा भरणं या दोन गोष्टी आहेत.

कणकवलीकर अण्णा
बाई, तुमचा मुद्दा मला लागला. मे महिन्यात आम्हाला ब्रेक देतात तोही यासाठीच. सलग सेवा दिसू नये आणि ग्रॅच्युइटीला लागणारी सेवा भरू नये म्हणून. शिक्षकांना ग्रॅच्युइटी 3 एप्रिल 1997 पासून कायद्याने आहे, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. पण सेवा तुकड्यातुकड्यांत दाखवली की भांडत बसा.

खाडीपलीकडचा
म्हणूनच विमा माणसाच्या नावावर हवा, जागेच्या नाही. शाळा बदलली, मे आला, मधे दोन महिने काम नाही, तरी पॉलिसी चालू. हप्ता जिल्हा पातळीवर एकत्र भरायचा, शाळेने नाही. म्हणजे सदस्यांची अडचणही सुटते. निवेदनात आता दोन गोष्टी वर घेतो, कामाचे दिवस लिहिलेलं नेमणूकपत्र आणि विमा. स्थानिक कायम भरती त्यांच्या शेजारी.

कणकवलीकर अण्णा
शेजारी नको, वर. नाहीतर माझी सही मिळणार नाही.

शिडाची होडी
जिल्हा पातळीवर कोण भरणार, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.