अमेरिका १७७६ ला स्वतंत्र, वॉशिंग्टन १७८९ ला राष्ट्राध्यक्ष. मग मधे कारभार कोण बघत होतं?

निवांत_वाचक:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतो. या मधल्या तेरा वर्षांत अमेरिका नक्की कोण चालवत होतं? आधी एक वेगळी घटना होती आणि ती गुंडाळून नवीन आणली असं ओझरतं वाचलंय. का गुंडाळली, आणि अशी गुंडाळता येते का? जिथे बघावं तिथे महापुरुषांची आरतीच चाललेली असते, जरा साध्या भाषेत सांगा कोणीतरी.

जुना_नकाशा:
होती की, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन. काँग्रेसने, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, १७७७ ला पास केली पण तेराही राज्यांची मंजुरी मिळेपर्यंत १७८१ उजाडलं. त्यात राष्ट्राध्यक्ष नाही, सुप्रीम कोर्ट नाही, नुसती एक काँग्रेस आणि प्रत्येक राज्याला एक मत. मेन गोची म्हणजे या काँग्रेसला टॅक्स लावायचा अधिकारच नव्हता, राज्यांकडे पैसे मागायचे आणि ती देतील तेव्हा देतील, बऱ्याचदा नाहीच. इकडे युद्धासाठी फ्रान्सकडून नि डच सावकारांकडून घेतलेलं कर्ज डोक्यावर. मग आयात मालावर ५ टक्के जकात लावू द्या अशी दुरुस्ती आणली, पण दुरुस्तीला तेराच्या तेरा राज्यं लागायची. पहिल्यांदा ऱ्होड आयलंड आडवं आलं, पुढच्या खेपेला न्यूयॉर्क. संपला विषय.

जून १७८३ मधे तर पगार थकलेले चारेकशे सैनिक बंदुका घेऊन फिलाडेल्फियाला काँग्रेस बसायची त्या इमारतीभोवती उभे राहिले. काँग्रेसने पेनसिल्व्हेनिया सरकारला सांगितलं तुमची मिलिशिया (राज्याची नागरिकांची फौज) बोलवा, त्यांनी काही बोलावली नाही. शेवटी गाशा गुंडाळून सगळे प्रिन्स्टनला. युद्ध जिंकलेल्या देशाची ही अवस्था!

तिरकस:
+१. राज्यांची आपसातली भांडणं पण भारी होती. न्यूयॉर्कने न्यू जर्सीहून माल घेऊन येणाऱ्या बोटींवर शुल्क लावलं, तर न्यू जर्सीने सँडी हूकच्या दीपगृहावर कर बसवला. दीपगृह न्यूयॉर्कच्या मालकीचं पण उभं न्यू जर्सीत, त्यामुळे घ्या म्हणाले.

अर्धा_चहा:
हे सगळं बरोबर आहे पण खरी धडकी भरवली ती शेतकऱ्यांनी, ते कोणी बोलत नाहीये. मॅसॅच्युसेट्सने युद्धाचं कर्ज फेडायला जबर कर लावले, तेही रोख नाण्यात, आणि खेड्यात नाणी होतीच कुठे, मग जमिनी जप्त आणि माणसं कर्जापायी तुरुंगात. १७८६ ला पश्चिम भागातले शेतकरी, त्यात युद्धात लढलेले बरेच, कोर्टच भरू देईनात. डॅनियल शेज त्यांचा पुढारी. जानेवारी १७८७ मधे स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तिथे तोफेच्या माऱ्यात चार मेले. आणि हे मोडायला राज्याने फौज उभी केली ती बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या पैशावर, कारण तिजोरीत खडखडाट. चार महिन्यांनी, नवी घटना जिथे लिहिली गेली ती फिलाडेल्फियाची बैठक सुरू. मजबूत केंद्र हवं असं नेमकं कोणाला वाटलं असेल ते बघा.

निवांत_वाचक:
बापरे, हे शाळेत कधी नव्हतं. पण कायदेशीर होतं का हा प्रश्न राहिलाच की!

जुना_नकाशा:
काटेकोर बघितलं तर नाही. काँग्रेसने परवानगी दिली होती फक्त आर्टिकल्समधे सुधारणा करायची. राज्यांनी फिलाडेल्फियाला पाठवलेले हे ५५ प्रतिनिधी मे ते सप्टेंबर दारं लावून बसले, बाहेर अक्षर बोलायचं नाही असा ठरावच, आणि उठले ते अख्खी नवी घटना घेऊन, सह्या ३९ जणांच्या. वर त्यातच लिहिलं की नऊ राज्यांनी मान्य केली की त्या नऊंपुरती लागू. म्हणजे तेराची अट यांनीच नऊ करून टाकली. शिवाय राज्यांच्या विधानसभांना मधे न घेता प्रत्येक राज्यात निवडून आलेल्या वेगळ्या सभेकडे मंजुरी मागितली. नव्या घटनेच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक, जेम्स मॅडिसन, त्याचा युक्तिवाद असा की अधिकार मुळात लोकांचा, त्यांनी मान्य केलं की जुना नियम आडवा येत नाही. सोयीचा आहे, पण अगदीच पोकळ नाही.

तिरकस:
पेनसिल्व्हेनियाचा किस्सा राहिला. ती सभा बोलवायचा ठराव होऊ नये म्हणून विरोधी आमदार गायबच झाले, कोरम होईना. मग जमावाने दोघांना त्यांच्या मुक्कामावरून ओढत आणून सभागृहात बसवलं आणि कोरम भरला. रिसॉर्ट पॉलिटिक्स आपल्याकडचा शोध वाटत असेल तर विसरा.

अर्धा_चहा:
आणि 'लोकांचा अधिकार' म्हणताना लोक म्हणजे कोण तेही बघा. दक्षिणेतल्या राज्यांना गुलामांना मत द्यायचं नव्हतं पण लोकसंख्येवर मिळणाऱ्या जागा वाढवायला मोजायचं मात्र होतं, म्हणून एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस धरून मोजले. गुलामांची आयात १८०८ पर्यंत काँग्रेसला बंद करता येणार नाही हेही घटनेतच. सिनेटमधे छोट्यामोठ्या सगळ्या राज्यांना दोन दोन जागा, ती तडजोड सगळे कौतुकाने सांगतात, ही दुसरी पटकन उरकतात.

कोकणकडा:
उशिरा आलो. या संदर्भात आंबेडकरांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं घटना समितीतलं भाषण वाचा. आपलं संघराज्य राज्यांनी आपसात करार करून बनलेलं नाही म्हणून कोणाला फुटून जाता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. अमेरिकेत राज्यं आधी होती, केंद्र त्यांनी मागून बनवलं, आणि फुटता येतं का हे ठरायला तिकडे १८६१ ते ६५ यादवी झाली.

निवांत_वाचक:
सगळ्यांचे आभार. ऱ्होड आयलंडचं पुढे काय झालं, नऊमधे होतं का?

जुना_नकाशा:
कसलं नऊमधे! फिलाडेल्फियाला माणूससुद्धा पाठवला नव्हता. नववं न्यू हॅम्पशायर, जून १७८८. ऱ्होड आयलंडने जनमत घेऊन घटना दणकून फेटाळली, समर्थकांनी मतदानावर बहिष्कार टाकलेला तो भाग वेगळा. वॉशिंग्टनने शपथ घेतली तेव्हाही हे बाहेरच. शेवटी १७९० ला सिनेटने ऱ्होड आयलंडशी व्यापार बंद करायचं बिल पास केलं, प्रॉव्हिडन्स शहर म्हणायला लागलं आम्ही राज्यातून फुटतो, तेव्हा कुठे मे महिन्यात मंजुरी. ३४ विरुद्ध ३२.